आंधळे कंद

जयाचा फोन आला तेव्हा चिंतामणी पोतनीस देवासच्या घरामागच्या वाफ्यात उकिडवे बसून डेलियाची वाळलेली पानं खुडत होते. एप्रिलचा दुसरा आठवडा. फुलांचा हंगाम संपला होता. आता चारसहा दिवसांत जमिनीखालचे कंद उकरायचे, एकेक सुटा करायचा आणि उन्हाळा-पावसाळाभर वाळूत निजवून ठेवायचे, हे दरवर्षीचं काम समोर होतं.

"काका, मी जया बोलतेय. धारहून. कृष्णराव भोईट्यांची."

चिंतामणींच्या हातातली पानं हातातच राहिली. नऊ वर्षांत त्या घरातून फोन आला नव्हता. त्यांनीही केला नव्हता.

"बाबांना लकवा मारला नं, जानेवारीत. उजवी बाजू गेली. आता थोडं बोलतात, पण साफ नाही. आणि इथे डेलिया सगळे वाळून गेले. मी म्हटलं, कुणी माळी बघते, तर ऐकायलाच तयार नाहीत. एकच लावून धरलंय, माट्साबांना बोलाव."

"मला कुणी कळवलं नाही गं."

"तुमचं येणं-जाणं राहिलं नव्हतं नं, काका," जया म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. जे होतं ते तिने सांगितलं.

"खोडं कापलीत का?"

"हो. बाबांनी हाताने दाखवलं तशी, वीतभर ठेवून. पाणीही बंद केलंय."

"किती दिवस झाले?"

"सहा."

"परवा येतो मी," चिंतामणी म्हणाले. शब्द तोंडून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलो.

चिंतामणी आणि कृष्णराव यांची ओळख इंदूरच्या एका फुलांच्या प्रदर्शनातली, वीस-बावीस वर्षांपूर्वीची. एरवी दोघांची गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. पोतनीसांचे पूर्वज देवास संस्थानच्या दप्तरात, भोईट्यांचे धारच्या पागेत. चिंतामणी सरकारी शाळेत जीवशास्त्र शिकवत आणि कृष्णराव मोहनखेड्याला यात्रेकरूंच्या एका धर्मशाळेची बाग सांभाळत. आठवडाभर तिकडे राहत आणि सुटीला धारला घरी येत. पण दोघांनाही डेलियाचं वेड होतं, आणि त्या वेडाने त्यांना जवळ आणलं. दर एप्रिलला कृष्णराव कंद काढायला देवासला येत, मग दोघं मिळून धारला जात. कृष्णराव त्यांना माट्साब, म्हणजे मास्टरसाहेब, म्हणत. वयाने तीनच वर्षांनी लहान, पण कधी त्यांच्याबरोबरीने खुर्चीवर बसले नाहीत. ओट्याच्या कडेला टेकत.

माट्साबांना पुस्तकातलं सगळं ठाऊक होतं. कृष्णरावांच्या हाताला गुण होता. कंद तोच, खत तेच, पण देवासला फूल वाटीएवढं यायचं आणि धारला ताटलीएवढं. पहिली काही वर्षं चिंतामणी हे चारचौघांत कौतुकाने सांगत. पुढे सांगेनासे झाले. प्रदर्शनात लोक कृष्णरावांच्या टेबलापुढे गर्दी करत आणि जाता जाता यांच्याकडे वळून म्हणत, "आपके भी अच्छे हैं, सर." ते 'भी' त्यांच्या मनात रुतून बसलं होतं.

मग अकरा वर्षांपूर्वी चिंतामणींच्या अंगणात, बी पेरून वाढवलेल्या रोपांतून, एक नवंच फूल निघालं. हळद घातलेल्या दुधाचा रंग, पाकळ्यांची टोकं आत वळलेली. तसं फूल ना इंदूरला होतं, ना उज्जैनला. ते त्याला हळदी म्हणू लागले. पुढच्या जानेवारीत कृष्णराव बायकोला घेऊन देवासला आले. तिला सगळे माई म्हणत. माई त्या झाडापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आमच्या दारात असतं, तर मी दुसरं काही बघितलंच नसतं."

त्या एप्रिलला कृष्णराव एकटेच आले. इतक्या वर्षांत त्यांनी तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी खाली बघत म्हणाले, "माट्साब, हळदीतला एखादा द्याल का? माईचं मन बसलंय त्याच्यावर."

डेलियाचं एक आहे. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाच्या कंदाला ते फक्त मानेपाशी, जिथे तो जुन्या खोडाला चिकटलेला असतो तिथे असतात. तांदळाच्या कणीएवढा फुगीर ठिपका. तो असला तर कोंब येणार. नसला तर कंद कितीही गुबगुबीत असो, मातीत नुसता पडून राहतो आणि एक दिवस सडून जातो. माळी त्याला आंधळा कंद म्हणतात.

चिंतामणींनी तीन कंद निवडले. एकही लहान नव्हता. ते घेऊन आतल्या खोलीत गेले आणि कलमाच्या पात्याने तिन्हींचे डोळे खरवडून काढले. वर राख चोळली. कापलेल्या जागेला राख लावतातच, त्यात संशय येण्यासारखं काही नव्हतं. हे फूल कृष्णरावांच्या हातात गेलं की ताटलीएवढं होणार आणि मग ते कृष्णरावांचंच होणार, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. दहा मिनिटांचं काम. बाहेर आले तेव्हा कृष्णरावांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. राख पुसून डोळे तपासावेत, हे त्यांच्या मनातही आलं नाही. माट्साबांनी दिलेले कंद होते ते.

माईंच्या पोटात गाठ निघाली आहे आणि ती आता जाणार नाही, हे कृष्णरावांना तेव्हा कळून चुकलं होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मार्गशीर्षात माई गेल्या. तेराव्याला चिंतामणी धारला गेले तेव्हा त्यांना सगळं समजलं. पंगतीतून ते अर्ध्यावर उठले. त्यानंतर ते धारला गेले नव्हते.

"मी जाऊन येतो धारला," त्यांनी बायकोला, विद्युल्लताबाईंना, सांगितलं. "कृष्णरावांचे कंद काढायचेत."

"बरं झालं. इतकी वर्षं का जात नव्हता, ते मला कधी कळलंच नाही," त्या म्हणाल्या आणि पोळ्यांचं पीठ मळत राहिल्या.

दुपारी चिंतामणींनी हळदीचा एक गड्डा उकरला. त्यातून चार कंद कापले, प्रत्येकाला दोन-दोन डोळे ठेवून. वर्तमानपत्रात गुंडाळून ते कापडी पिशवीच्या तळाशी घातले, वर धोतर आणि खुरपी. बेत सोपा होता. धारला वाळू भरताना हे चार कंद गुपचूप बाकीच्यांत मिसळायचे. पुढच्या जानेवारीत फूल येईल. कुणी काही विचारणार नाही, कुणाला काही सांगावं लागणार नाही.

ठरल्या दिवशी इंदूरला बस बदलून ते धारला पोचले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. कृष्णरावांचं घर दोनच खोल्यांचं, पण मागे लांबलचक पट्टी होती आणि तिच्यात डेलियाच्या कापलेल्या खोडांच्या रांगा. कडेला पत्र्याची पडवी. पडवीत खाटेवर कृष्णराव उशीला टेकून बसलेले. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. ताटलीएवढी फुलं काढणारा हात तो हाच होता.

"मा... माट्साब," ते म्हणाले आणि तोंडाच्या एकाच बाजूने हसले. "आले... तुम्ही."

"आलो, कृष्णराव."

त्यांनी धोतर बदललं आणि ते वाफ्यात उतरले.

जया छत्तीसची होती. नवरा पीथमपूरच्या कारखान्यात होता आणि ती स्वतः नगरपालिकेत नोकरी करत होती. वडील आजारी पडल्यापासून ती इथेच राहायला आली होती. तिने कधी खुरपी धरली नव्हती, पण समजून घ्यायची तिची तयारी होती.

"खोडापासून हातभर लांब खणायचं," चिंतामणी तिला सांगू लागले. "चारी बाजूंनी. मग खालून दोन्ही हात घालून उचलायचं. खोडाला धरून ओढायचं नाही. मान मोडली की कंद गेला."

"मतलब, बाळाला उचलतात तसं."

"तसंच."

उन्हं चढेपर्यंत त्यांनी सव्वीस गड्डे बाहेर काढले. काळ्या मातीने माखलेले, कुणी पाच बोटांच्या हातासारखे, कुणी रताळ्यांच्या घोसासारखे. जयाने माती झाडली, पाण्याने हलके धुतले आणि खोडात साचलेलं पाणी गळून जावं म्हणून पडवीत पोत्यावर उलटे मांडले. कृष्णराव खाटेवरून बघत होते. मधूनच डावा हात उचलून काही दाखवत, आणि जया त्याप्रमाणे एखादा गड्डा सावलीत सरकवून ठेवी.

खरं तर गड्डे दोन दिवस सुकू द्यायला हवे होते. पण चिंतामणींना संध्याकाळी परतायचं होतं. जे वरच्या अंगाला वाळलेले होते, त्यांना त्यांनी दुपारीच हात घातला. चाकू दिव्याच्या ज्योतीवर तापवून घेतला आणि एक गड्डा मांडीवर घेऊन जयाला शिकवू लागले.

"हे बघ, हा ठिपका. दिसतो?"

"हा लालसर?"

"हाच डोळा. कापताना कंदाबरोबर याचा तुकडा आला पाहिजे. नाहीतर सगळं वाया."

जयाने एक कंद उचलून उन्हाकडे धरला. "याला नाही दिसत."

"मग तो आंधळा. टाकून दे."

तिने तो बाजूला ठेवला आणि पुढचा घेतला. दहा-बारा गड्डे झाल्यावर, हातातलं काम न थांबवता, म्हणाली, "काका, तुम्ही माईसाठी दिले होते नं तीन कंद, त्यांना डोळे होते का हो?"

चाकू चिंतामणींच्या हातात होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही आणि चालवलाही नाही.

"का गं?"

"नाही, सहज आठवलं. बाबांनी ते गमल्यात लावले होते आणि गमला माईच्या पलंगाशी ठेवला होता, खिडकीत. ती रोज सकाळी विचारायची, आला का? आम्ही म्हणायचो, येईल, थंडी पडू दे. शेवटी शेवटी तिला बसता येत नव्हतं, तर तिने गमला खाली ठेवायला लावला. पडल्या पडल्या माती दिसावी म्हणून."

"असतील डोळे," चिंतामणी म्हणाले. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटला. "मी बघूनच दिले होते. उन्हाळा कडक होता त्या वर्षी. कंद सुकतात कधी कधी."

खाटेवरून कृष्णरावांनी घसा खाकरला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"कंद... चांगले होते," ते म्हणाले. "माझं... चुकलं. पाणी... जास्त झालं. घाई केली मी. तिला... दिसावं म्हणून." त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. आजारापासून ते असंच, कशानेही येत असे, असं जयाने सकाळीच सांगितलं होतं. "चाळीस वर्षं... माळी. आणि तेवढं एक... नाही उगवलं."

जया उठून वडिलांचं तोंड पुसू लागली. "बाबा, बस्स आता. किती वेळा तेच."

किती वेळा तेच! चिंतामणींनी ते ऐकलं. नऊ वर्षं हा माणूस आपल्या हाताला दोष देत बसला होता. आणि तो हात आता हलतही नव्हता.

त्यांनी चाकू खाली ठेवला.

"कृष्णराव, तुमचं पाणी जास्त झालं नव्हतं. त्या कंदांना डोळे नव्हते. मी काढले होते."

जया वळली. "काय काढले?"

"डोळे. पात्याने. आत खोलीत जाऊन. वरून राख लावली. तुमच्याकडे ते फूल माझ्यापेक्षा मोठं आलं असतं, ते मला नको होतं." ते भराभर बोलत होते, थांबलो तर पुढचं बोलवणार नाही अशा भीतीने. "माईंचं मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तर केलं नसतं, असंही आता म्हणवत नाही. केलं मी. बस."

पलीकडच्या गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. कृष्णराव त्यांच्याकडे बघत होते. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडल्याने त्यावर काय आहे ते कळत नव्हतं.

"तिन्ही?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"हो. तिन्ही."

"एक... तरी," कृष्णराव म्हणाले, "ठेवायचा होता, माट्साब."

एवढं म्हणून त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

जयाच्या हातात वडिलांचा रुमाल तसाच होता. ती ओरडेल, शिव्या देईल असं चिंतामणींना वाटलं. त्यांना ते बरंच वाटलं असतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही आता जा."

ते उठले. पिशवी उचलताना तळाचं वर्तमानपत्र हाताला लागलं. त्यांनी ते पुढे केलं. "हे... हळदीचे आहेत. चांगले आहेत. ठेवशील?"

"नाही," जया म्हणाली. "घेऊन जा."

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. विद्युल्लताबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर त्या देवघरात जाऊन बसल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रात्री पान वाढलं, पण स्वतः जेवल्या नाहीत. माईंशी त्यांचा तसा फार संबंध नव्हता. त्या जानेवारीत माईंनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून भाजी निवडून दिली होती, तेवढाच.

सकाळी चहाचा कप पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "किती गड्डे राहिलेत तिकडे?"

"बारा-चौदा. उघड्यावर आहेत."

"ऊन बघा केवढं आहे."

"तिने जा म्हटलंय मला."

"ते बरोबरच केलं तिने," विद्युल्लताबाई म्हणाल्या. त्यांनी यापुढे काही सुचवलं नाही.

तिसऱ्या दिवशी जयाचा फोन आला. हाक नाही, विचारपूस नाही. "गड्डे आक्रसायला लागलेत. मी दोन कापले, दोन्हींच्या माना मोडल्या. बाबा सांगतात, पण त्यांचं बोलणं मला उमगत नाही आणि ते चिडतात. तुम्ही या. पण गोष्टी करायला नका येऊ. कामाला या."

"येतो," चिंतामणी म्हणाले.

ते गेले. पडवीत खाट होती, पण कृष्णरावांची पाठ त्यांच्याकडे होती. चिंतामणींनी नमस्कारही केला नाही. तो करण्याचा हक्क आपण गमावलाय असं त्यांना वाटलं. ते पोत्यावर बसले आणि एकेक गड्डा मांडीवर घेऊन कापू लागले. जया समोर बसून बघत होती. कुठे कापावं, चाकू कसा फिरवावा, मधलं जुनं लाकडासारखं झालेलं खोड कसं वेगळं काढून टाकावं, हे सगळं त्यांनी नुसतं हाताने दाखवलं. कापलेल्या प्रत्येक जागेला गंधकाची भुकटी लावायची होती. राखही होती घरात. पण राखेच्या डब्याला त्यांचा हात गेला नाही.

चार गड्डे झाल्यावर जयाने चाकू मागून घेतला. तिचा पहिला कंद नीट सुटला. तिने तो न बोलता त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोळा बघितला आणि मान हलवली.

मातीच्या पसरट कुंड्यांत नर्मदेची कोरडी वाळू घातली, तिच्यावर कंदांचा थर, एकमेकांना न चिकटवता, पुन्हा वाळू, पुन्हा थर. प्रत्येक कुंडीत जातीच्या नावाची पट्टी. कुंड्या आतल्या खोलीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात ठेवल्या, जिथे ऊन कधी पोचत नव्हतं. शेवटची कुंडी ठेवून चिंतामणी सरळ झाले तेव्हा त्यांच्या गुडघ्यांत कळा येत होत्या.

"महिन्याने वाळू उपसून बघावी लागते," ते दारातून जयाला म्हणाले. "एक सडला की शेजारचे सडतात. सुरकुतले तर पाण्याचा हलका हात मारायचा. मी... तुला जमेल ते."

जयाने खाटेकडे पाहिलं. पाठ हलली नाही.

"महिन्याने या," ती म्हणाली.

मेमध्ये ते गेले. जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, पुन्हा गेले. वाळू उपसायची, कंद दाबून बघायचे, मऊ पडलेला काढून टाकायचा, बाकीचे पुन्हा निजवायचे. तासा-दीड तासाचं काम, त्यासाठी जाऊन-येऊन सहा तास बस. देवासला विद्युल्लताबाई डबा बांधून देत, कारण धारच्या घरात जेवायला बसायचं नाही हे त्यांनी दोघांनीही न बोलता ठरवलं होतं. मेमध्ये कृष्णरावांची पाठ होती तशीच होती. जूनमध्ये ते सरळ निजून वरच्या पत्र्याकडे बघत होते. क्षमा मागावी असं चिंतामणींना कितीदा वाटलं, पण मागितली तर ती देण्याचा भार या आजारी माणसावर पडेल, आणि तेवढा भार घालायचा त्यांना अधिकार नव्हता.

जुलैमध्ये ते कुंडीवर वाकलेले असताना खाटेवरून आवाज आला. "कोपऱ्यातली."

चिंतामणींना आधी कळलंच नाही की हे आपल्यालाच आहे.

"कोपऱ्यातली... कुंडी. वास येतोय."

त्यांनी ती कुंडी उपसली. खालच्या थरात दोन कंद काळे पडून त्यांना पाणी सुटलं होतं. खाट तिथून दाराबाहेर, पडवीत, बारा हात लांब होती. जयाला वास आला नव्हता, त्यांनाही नाही. त्यांनी ते दोन कंद काढले, आसपासची वाळू फेकली आणि दुसरी घातली.

"काढले," ते म्हणाले.

"हं," कृष्णराव म्हणाले.

पुढच्या महिन्यात, गणपती बसायच्या आठवडाभर आधी, चिंतामणी काम संपवून हात धूत होते. जया आत भांडी लावत होती. कृष्णरावांनी डाव्या हाताने खाटेची कडा दोनदा ठोकली. चिंतामणी जवळ गेले.

"ते... तुमचे," कृष्णराव म्हणाले. "त्या दिवशी... आणलेले. कुठे आहेत?"

"घरी. वाळूत ठेवलेत."

"चांगले?"

"चारही चांगले आहेत."

कृष्णराव दम घेऊन म्हणाले, "आणा. पण आधी... मी बघणार. माझ्या हाताने."

चार दिवसांतच चिंतामणी ते घेऊन आले. जयाने वडिलांना उशीला टेकवून बसवलं आणि मांडीवर कोरडं फडकं पसरलं. चिंतामणींनी चारही कंद त्यावर ठेवले आणि आपण मागे सरकून उभे राहिले. कृष्णरावांनी पहिला कंद डाव्या हातात घेतला. चष्मा लावायला दिला तो त्यांनी नाकारला. अंगठा हळूहळू मानेवरून फिरवत नेला, थांबवला, पुन्हा मागे आणला. एक डोळा. दुसरा. पहिला कंद त्यांनी फडक्याच्या उजव्या बाजूला ठेवला. दुसरा घेतला. तिसरा. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं लागली. चौथा कंद हातात बराच वेळ राहिला. त्याच्या मानेपाशी एका जागी साल खरचटलेली होती, बसच्या धक्क्याने असेल. कृष्णरावांचा अंगठा त्या खरचट्यावर थांबला.

"हे?"

"पिशवीत घासलं असेल," चिंतामणी म्हणाले. "डोळा त्याच्या वर आहे. बघा."

अंगठा वर सरकला. मग कृष्णरावांनी चौथा कंदही उजवीकडे ठेवला.

"जया," ते म्हणाले, "यांना... वेगळी कुंडी. आपल्यांत... मिसळू नको."

"हो बाबा."

ती कंद घेऊन आत गेली. चिंतामणी पिशवी घडी करू लागले. आपलं काम झालं आहे, आता निघावं, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

"बसा," कृष्णराव म्हणाले.

चिंतामणींनी इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची आत होती. ते खाटेजवळ जमिनीवरच बसले.

कृष्णराव माईंबद्दल बोलू लागले. क्षमा केली असं त्यांनी म्हटलं नाही, नाही केली असंही नाही. त्या शेवटच्या वर्षाचं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी इंदूरला काय सांगितलं, माईंनी परतताना बसमध्ये डोळे मिटून कसं घेतलं, घरी आल्यावर पहिल्यांदा काय मागितलं. ती नवरी होऊन अमझेऱ्याहून आली तेव्हा तिला गुलाब आणि डेलियातला फरक कळत नव्हता, हेही सांगितलं. एकेक वाक्य मोठ्या कष्टाने येत होतं, काही शब्द अर्ध्यावर राहत, काही कळतच नसत. चिंतामणी पुन्हा सांगा म्हणाले नाहीत. जे कळलं ते घेतलं आणि जे कळलं नाही त्याच्यासाठीही मान खाली घालून बसून राहिले. मध्ये जया बाहेर आली, दोघांकडे पाहून पुन्हा आत गेली. दोनची बस चुकली. मग साडेतीनचीही. कृष्णरावांचं सांगणं अजून कार्तिकापर्यंतच आलं होतं, माई गेल्या तो मार्गशीर्ष पुढेच होता.